बेव्ह कोकली आणि ग्लिनचा बुधवार

बेव्ह कोकलीबद्दल कुणी वाईट बोललेलं मला खपत नाही. वाईट बोलायचं तर मी बोलेन, तो माझा हक्क आहे. इतकी वर्षं तिच्याच गाडीतून कामावर जाते-येते. तिच्या शिव्या, तिचा खोकला, तिच्या रेडिओची खरखर, सगळं सोसलंय मी.

स्टोकमधला आमचा कारखाना चिनी मातीचा. कपबशा नव्हेत हं. रेल्वेच्या विजेच्या तारा ज्यांच्या आधारानं टांगतात ते इन्शुलेटर आम्ही करतो. मी पॅकिंगला, आणि बेव्ह सगळ्या उत्पादनाची मुख्य. शाळा सोडली त्याच उन्हाळ्यात ती इथं न भाजलेल्या मालाच्या कडा खरवडायला लागली आणि तिथून धक्के देत-खात वर आली. नवरा एक होता, त्याला तिनं घालवला आणि कुत्रा पाळला. सकाळी उभ्या उभ्या चीज आणि बेकन भरलेलं ओटचं धिरडं खाते, आणि खाता खाता चौघांना कामाला लावते. तिला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा माणूस आमच्या कारखान्यात तरी जन्माला यायचाय.

भट्टीवर ग्लिन मॅचिन. चाळिशीला टेकलेला, दोन मुलींचा बाप, आणि स्वभावानं इतका गरीब की याच्या पायावर कुणाचा पाय पडला तरी हाच माफी मागेल. पण डोकं चांगलं. आमच्या मालकानं, क्लाइव्हनं, जेव्हा कुणाला तरी नोकरी करता करता इंजिनिअरिंगची पदवी घ्यायला पाठवायचं ठरवलं, तेव्हा बेव्हनंच टेबलावर हात आपटून ग्लिनचं नाव पुढं केलं.

‘‘विशीतलं पोर पाठवू या की,’’ क्लाइव्ह म्हणाला.

‘‘पोर पदवी घेईल आणि उडून जाईल बर्मिंगहॅमला. हा कुठं जात नाही. आणि गेलाच तर माझ्या नावानं खडे फोड.’’

झालं. कारखान्यानं, विद्यापीठानं आणि ग्लिननं, तिघांनी सह्या केल्या. पगार कारखाना देणार, दर बुधवार भरपगारी अभ्यासाचा. शिवाय आम्ही त्याला नुसतं भट्टीला जुंपून ठेवणार नाही, माल तपासायच्या चाचणीच्या खोलीत, डिझाइनच्या टेबलावरही शिकू देऊ, आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला एक जबाबदार माणूस नेमू, असं कबूल केलं. तो जबाबदार माणूस म्हणजे बेव्ह. क्लाइव्हनं ग्लिनचा फोटो काढून बाहेरच्या खोलीत लावला. केक कापला. ग्लिनची आई टापटीप कोट घालून आली होती.

आणि मग सुरू झाला तो आमचा नेहमीचा गोडवा, जळला मेला.

मंगळवारी घरी जायच्या वेळेला बेव्ह भट्टीपाशी जायची. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी आधी हवापाण्याच्या गप्पा, मग फुटबॉल, मग: ‘‘ग्लिन, उद्या तुझा अभ्यास आहे ना रे?’’

‘‘हो. का बरं?’’

‘‘काही नाही. सकाळी जरा तासभर डोकावला असतास तर... पण राहू दे. जमलं तरच हं. नाही जमलं तरी मला अजिबात राग नाही.’’

‘‘छे हो, त्यात काय एवढं! येतो की.’’

‘‘नक्की ना? बळंच नको.’’

‘‘अहो, बळंच कसलं!’’

आणि तो तासभर दुपारचे तीन वाजेपर्यंत चालायचा. बेव्ह त्याला चहा नेऊन द्यायची, स्वतःच्या हातानं, वर बिस्किटं. दहादा आभार मानायची. पुढल्या आठवड्यात तेच. चाचणीच्या खोलीत पाठवायचं राहूनच गेलं, कारण भट्टीवर दुसरं कोण? बाकीचे चेष्टा करायचे, ‘‘काय ग्लिन, काल सुट्टी कशी गेली?’’ तोही हसायचा. भीड भिकेची बहीण म्हणतात ना, ती आमच्या गावात घरोघरी नांदते.

दर तीन महिन्यांनी विद्यापीठाच्या डॉक्टर ॲडेबायोबाई यायच्या. त्या, ग्लिन आणि बेव्ह, तिघं बसून कसं चाललंय ते बघायचे. बाई विचारायच्या, ‘‘कारखान्याकडून सगळं नीट मिळतंय ना?’’ ग्लिन म्हणायचा, ‘‘तक्रारीला जागाच नाही.’’ बेव्ह मान डोलवायची. दोघंही खोटं बोलत नव्हते, हीच तर गंमत.

दुसऱ्या वर्षीच्या वसंतात मात्र त्या बैठकीनंतर बेव्ह गाडीत बसली ती दार आपटूनच. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

‘‘ती बाई म्हणते, ग्लिनचे निम्मे वर्ग बुडालेत. गणितात नापास झालाय. जूनमध्ये फेरपरीक्षा, त्यात गेला तर नाव काढून टाकणार. आणि माझ्याकडे बघते अशी, जसं काही मी त्याला साखळीनं भट्टीला बांधलंय!’’

‘‘मग तू काय म्हणालीस?’’

‘‘मी म्हटलं, एकदाही जबरदस्ती केलेली नाही. दर वेळी विचारलंय. जमलं तरच ये, असंच म्हटलंय. विचारा त्याला! त्यानंही सांगितलं, हो, विचारलं होतं म्हणून.’’

आता माझाही पारा चढला. दिवसभर पेट्या उचलून पाठ मोडली होती, त्यात हे.

‘‘बेव्ह, मागल्या शुक्रवारी तू मला विचारलंस, नोरीन, जरा थांबशील का, जमलं तरच. आठवतंय?’’

‘‘बरं मग?’’

‘‘माझ्या बहिणीचा वाढदिवस होता त्या दिवशी.’’

‘‘अगं मग सांगायचं नाही का मला!’’

‘‘कुणाला सांगायचं? तू उत्पादनाची मुख्य. उद्याची पाळी तू लावणार, पगारवाढीला शिफारस तू करणार, नि विचारणार गोड आवाजात की जमेल का. तुझ्या ‘जमेल का’ला नाही म्हणायला माणसाला दोन काळजं पाहिजेत, बाई. ग्लिनला तर एकच आहे, नि तेही लोण्याचं.’’

माझं घर आलं, मागं गेलं, तरी गाडी चालूच. नाक्यावरच्या पेट्रोल पंपापाशी तिच्या लक्षात आलं, तेव्हा कुठं वळवली. मला उतरवताना एवढंच म्हणाली, ‘‘बहिणीला सांग, चुकलं माझं.’’ बेव्हच्या तोंडून ते दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

दुसऱ्या दिवशी ती क्लाइव्हच्या खोलीत शिरली. दार उघडंच होतं, आणि तिचा आवाज मेला पॅकिंगपर्यंत येतो.

‘‘भट्टीवर दुसरा माणूस तयार करायचा. माती दाबायच्या प्रेसवरचा वसीम. आजपासून.’’

‘‘बेव्ह, रेल्वेची ऑर्डर तोंडावर आहे. ग्लिन स्वतः काही म्हणाला का?’’

‘‘तो जन्मात म्हणणार नाही. त्यानं म्हणायचं नसतंच. शब्द त्यानं आपल्याला दिला नव्हता, क्लाइव्ह, आपण त्याला दिला होता. सही तुझी आहे. फोटो लावायला बरा हात वर गेला तुझा!’’

त्यावर क्लाइव्हनं होकार दिला. वाईट माणूस नाही तो, बापाचा कारखाना टिकवायच्या धास्तीनं पोखरलेला आहे, एवढंच.

मग भट्टीपाशी. मला वाटलं, आता ही माफी मागते की काय. कसलं काय!

‘‘ऐक,’’ ती ग्लिनला म्हणाली. ‘‘बुधवारी तू मला फाटकाच्या आत दिसता कामा नये. सोमवारी अर्धा दिवस चाचणीच्या खोलीत. आणि मी काही विचारायला आले ना, तर पाठ फिरवून चालू लागायचं.’’

‘‘अहो, पण एखाद्या वेळी—’’

‘‘नाही.’’

‘‘अगदीच अडलं तर—’’

‘‘ग्लिन, माझं डोकं फिरवू नकोस!’’

आणि बाईनं ते चालवलं. बुधवारी वसीमबरोबर स्वतः भट्टीवर उभी राहायची, घामानं लालबुंद. वसीम चुकला की ओरडायची आणि स्वतः चुकली की त्याहून जास्त. मंगळवारी संध्याकाळी मी तिला मुद्दाम पॅकिंगला बोलवायची, कारण भट्टीकडे जायला तिचे पाय शिवशिवत. सवय कुणाची सुटते लगेच? दोनदा तर अर्ध्या वाटेवरून दंडाला धरून मागं आणली मी तिला. ‘‘नुसतं हवापाणी विचारणार होते,’’ म्हणे! ग्लिनही कमी नाही. एका बुधवारी फाटकाबाहेर घुटमळताना सापडला, म्हणाला, इकडून चाललोच होतो. बेव्हनं स्वतः बस येईपर्यंत थांब्यावर उभं राहून त्याला हाकललं.

जून उजाडला. फेरपरीक्षा बुधवारीच, दुपारी एकला. त्याच सकाळी आठच्या सुमाराला भट्टीचे दोन बर्नर विझले. आत रेल्वेचा माल खच्चून भरलेला, आणि भट्टी ऐन तापात. बर्नर पुन्हा पेट धरेनात. दुरुस्तीचा माणूस डर्बीहून निघाला होता, पण तो पोचायला दुपार होणार. एका बाजूनं गार पडत गेलं की माल तडकतो, हे आमच्याकडे झाडूवाल्यालाही ठाऊक.

माल कधी मिळणार म्हणून मी विचारायला गेले, तर क्लाइव्ह हातात मोबाइल घेऊन भट्टीपाशी उभा. तोंड चुन्यासारखं पांढरं.

‘‘या म्हाताऱ्या भट्टीची नस ग्लिनला माहीत आहे. परीक्षा एक वाजता आहे, आत्ता आठ वाजलेत. तासाभराचं काम. मी त्याला नुसतं विचारतो, बेव्ह. तो नाही म्हणाला तर विषय संपला.’’

‘‘विचारायचं नाही.’’

‘‘अगं, विचारायला काय जातं?’’

‘‘त्याची पदवी जाते.’’

‘‘आणि हा माल गेला म्हणजे? रेल्वेला मी काय तोंड दाखवू? इथल्या माणसांना काय सांगू?’’

‘‘सांग की बेव्हनं घालवला.’’ तिनं हात पुढं केला. ‘‘दे तो फोन.’’

मला वाटलं, आता हा हिला कामावरून काढतो. वसीम अजून बर्नर पेटवायच्याच खटपटीत होता. क्लाइव्हनं तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि फोन तिच्या हातात न देता स्वतःच्याच खिशात घातला. ‘‘काय करायचं ते सांग,’’ म्हणाला.

मग तिघांनी मिळून उरलेल्या बर्नरची आच हळूहळू उतरवली, सगळीकडून सारखं गार व्हावं म्हणून, जेवढं सावकाश जमेल तेवढं. डर्बीचा माणूस आला, त्यानंही हात टेकले. संध्याकाळपर्यंत बेव्ह तिथून हलली नाही. घरी जाताना गाडीत रेडिओही लावला नाही. मला तिची फार काळजी वाटली, आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही. ऑर्डर गेली तर पहिली गदा पॅकिंगवरच येते.

शुक्रवारी सकाळी भट्टी उघडली. निम्म्याहून जास्त माल तडकलेला. आम्ही हातगाड्यांवर भंगार भरत होतो, क्लाइव्ह रेल्वेशी फोनवर अजिजी करत होता. तेवढ्यात ग्लिन आला. गुरुवारी त्याला बेव्हनं चाचणीच्या खोलीतच अडकवून ठेवलं होतं, त्यामुळं हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होता. हातगाडीवरचा एक फुटका इन्शुलेटर उचलून तो उभाच राहिला.

‘‘कधी विझले?’’

‘‘बुधवारी सकाळी,’’ बेव्ह म्हणाली. ‘‘पेपर कसा गेला?’’

‘‘चांगला गेला. सगळे प्रश्न सोडवले... पण बेव्ह, मी घरीच होतो हो! मला एक फोन का नाही केला? मी आलो असतो.’’

‘‘माहीत आहे मला तू आला असतास,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणूनच नाही केला.’’