मीटरवाल्याचा फेरफटका

मीटरवाले निवृत्त झाले, पण त्यांची मान काही निवृत्त झाली नाही. एकतीस वर्षं दारोदार विजेचे मीटर वाचल्यामुळे प्रत्येक दार आलं की ती आपोआप वळायची. डॉक्टरांनी बायकोला रोज सकाळी चालायला सांगितलं. तिला कुत्र्यांची धास्ती, म्हणून हे सोबतीला निघाले. वाटेवरचा एकूण एक कुत्रा त्यांना ओळखून होता. निम्म्यांनी तर त्यांच्या पोटरीची चवही घेतली होती.

तळ्यापर्यंत जायचं ठरलं होतं. नऊ दिवस झाले तरी तळं काही दिसेना. बायकोने शंभर पावलं पुढे जाऊन वळून बघावं, तर हे महाशय कुणाच्या तरी जिन्याखाली वाकलेले. एकदा एका नव्या भाडेकरूने चोर समजून दरडावलं, तर यांनी त्यालाच सुनावलं की मीटरच्या पेटीत चपला ठेवायच्या नसतात. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहाव्या दिवशी तिने शांतपणे सांगितलं, "आज तळं दिसलं नाही, तर उद्यापासून मी शेजारणीबरोबर जाईन. तिच्याकडे काठी आहे."

मीटरवाल्यांना ही धमकी परवडणारी नव्हती. अख्ख्या दिवसात हा एकच तास त्यांना कुणाची तरी सोबत असायची. उरलेला वेळ ते घरात नुसते आडवे येत. मुलगा म्हणे, बाबा जरा सरका. सून म्हणे, बाबा जरा पाय वर घ्या.

त्या दिवशी हात पाठीमागे बांधून ते नाकासमोर चालले. पिठाच्या गिरणीवाल्याने हाक मारली, मीटर फार पळतंय, जरा बघता का. आता नवा माणूस येतो, असं आभाळाकडे बघत सांगून यांनी थेट खड्ड्यात पाय घातला. लंगडत लंगडत का होईना, पोचले.

तळ्यावर चार बगळे उभे होते. दोघं दगडावर टेकली. आता काय करायचं, त्यांनी विचारलं. काही नाही, नुसतं बसायचं, ती म्हणाली. एवढं अवघड काम साहेबांनीसुद्धा त्यांना कधी दिलं नव्हतं. शांतता सोसवेना तेव्हा त्यांनी आपली बढाई सुरू केली. नोकरीत आपपरभाव म्हणून केला नाही. स्वतःच्या घराचं मीटरसुद्धा परक्यासारखं वाचलं, आकडा टिपला की पुढचं दार.

"ठाऊक आहे," बायको म्हणाली. "दर महिन्याच्या अकरा तारखेला, साडेबाराला. मी केस विंचरून, पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी असायचे. तुम्ही आकडा लिहून निघून जायचात."

मीटरवाले आठवू लागले. त्या मीटरचे कितीतरी आकडे त्यांना अजून तोंडपाठ होते, पण दारातला चेहरा काही केल्या आठवेना. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"खरं सांगू?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी कधी मान वर करून बघितलंच नाही. वाटायचं, असेल त्या घरातली कुणी बाई."

"होतीच की," बायको म्हणाली.