किसनभाऊ आणि भट्टीची माती

विमलवहिनींचा फोन सकाळी आला. "ताई, हे गेले," एवढंच म्हणाल्या. किसनभाऊंच्या छातीचं दुखणं दोन वर्षांचं होतं, तरी मी फोन हातात धरून चाकासमोर तशीच बसून राहिले. त्याला आता दीड महिना झाला...

पुनावळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये मी मातीकाम करते. सुरुवातीला माझे मोठे रांजण भाजताना तडकायचे. चाकणच्या एका ओतकाम कंपनीत भट्ट्यांना आतून विटा लावण्यात किसनभाऊंची नोकरी सरली होती. माझी भट्टी दुरुस्त करायला आले आणि तडकलेला रांजण बघून म्हणाले, "ताई, माती लई मऊ हाय. हिला जरा हाडं पायजेत." पुढच्या आठवड्यात त्यांनी फायरक्लेची दोन पोती आणली. भट्टीच्या विटा जिच्या बनतात तीच ही, जाळाला दाद न देणारी खरबरीत माती. ती आमच्या मातीत मिसळली, वर भट्टीच्याच जुन्या विटा कुटून त्यांची भरड घातली. चाकावर तळवे सोलून निघायचे. पण रांजण वाळताना कमी आकसायचा, उंच भिंत खचत नसे, आणि भाजल्यावर अंगभर तपकिरी ठिपके उमटायचे. त्या ठिपक्यांसाठीच लोक माझे रांजण मागू लागले.

किसनभाऊ माझ्याकडेच कामाला राहिले; ती भरड तेच कुटायचे. कोरडी, बंद शेडमध्ये, सहा वर्षं. मी मास्क आणून दिला, तर "जीव घुसमटतो" म्हणून त्यांनी तो खिशात कोंबला. मी एकदा रागावले, दोनदा रागावले. मग हॉटेलांचं मोठं काम आलं आणि मी रागवायचं सोडलं. पाणी मारून कुटा, हे सांगायचं मला सुचलं नाही... सुचलं होतं. ओली भरड चाळायला वेळ लागतो.

पुढे ते जिना चढताना मध्येच थांबू लागले. तपासणीला मीच घेऊन गेले. छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, "दगड-विटांच्या धुळीत काम कुठं केलंत?"

"कंपनीत, साहेब."

"आणि त्यानंतर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "त्यानंतर कुठं न्हाई."

मी शेजारच्याच खुर्चीत होते. छातीचा फोटो पाकिटात परत घातला.

शेवटी त्यांना आडवं होता येत नव्हतं. उशांना टेकून, बसूनच झोपायचे. आज बोलायचंच, असं ठरवून मी जायचे. ते विचारायचे, "रांजण नीट उतरले का?" हो म्हणून मी परत यायचे.

गेल्या रविवारी काळेवाडीला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"ठाऊक होतं मला. कपडे मीच धूत होते ना. कंपनीची धूळ काळी यायची, तुमच्याकडची पिवळट."

"मग बोलला का नाहीत?"

"ह्यांनी बोलू दिलं नाही. तिथं माझ्या हाताला मान हाय, म्हणायचे."

दारामागे खुंटीला त्यांचा कामाचा सदरा अजून तसाच आहे, न धुतलेला. शिवणींत तीच पिवळट माती बसली आहे. जरा हातात घेऊ का, असं मी विचारलं.

"नको," वहिनी म्हणाल्या. "हलवला की धूळ उडंल."