आमच्या साडूंचं इंग्लंड

विद्यार्थ्याने इंग्लंडमध्ये कसं फिरावं हे या पृथ्वीतलावर फक्त एकाच माणसाला पूर्णपणे कळलेलं आहे, आणि तो माणूस इंग्लंडला एकदाही गेलेला नाही. ते म्हणजे माझे थोरले साडू. राहायला आमच्यासारखेच दुबईत, अल कुसैसला. नोकरी रास अल खोरच्या एका गोडाउनात, कुठला ट्रक कुठल्या रस्त्याने पाठवायचा हे ठरवण्याची. अमिरातीतले ट्रक मार्गी लावून झाले की उरलेल्या वेळात ते इंग्लंडला मार्गी लावतात. एखाद्या मराठी घरातलं पोर शिकायला तिकडे निघालंय असा नुसता सुगावा लागला, की साडू सहकुटुंब अभिनंदनाला जातात, पेढा तोंडात टाकतात आणि तो गिळायच्या आत विचारतात, "आगगाडीच्या सवलतीचं रेलकार्ड काढलंस का रे?" पोरगं "नॉट येट, अंकल" म्हणालं रे म्हणालं, की त्या घरातली जेवणाची पानं लांबणीवर पडतात.

त्यांचे नियम पक्के आहेत. छत्री न्यायची नाही, टोपीवाला रेनकोट न्यायचा. तिकडचा वारा छत्रीची पत्रास ठेवत नाही. आगगाडीचं तिकीट आधीच काढून ठेवायचं, आणि घाई नसेल तर आगगाडीऐवजी लांब पल्ल्याची बस बरी. गावातली दुमजली बस आली की तडक वर जाऊन सगळ्यात पुढची सीट धरायची. "टूर बस, टूर बस म्हणतात ती हीच, हबीबी! फक्त हिच्यात कुणी माइकवर बडबडत नाही," असं हे माइकशिवाय अखंड बडबडणारे गृहस्थ सांगतात. मोठ्या चर्चला दिवसा तिकीट असतं, म्हणून संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी जायचं. "देवाच्या दारात आरतीच्या वेळी कोणी तिकीट मागतं का? तिकडेही नाही मागत." उच्चारांच्या बाबतीत तर त्यांना दयामाया नाही. एका गणपतीत, भर आरतीत, शेजारच्या मुलाने आईच्या कानात "लायसेस्टर" असं काहीतरी म्हटलं. साडूंनी टाळ थांबवले, "लेस्टर! इंग्रजाच्या गावातली निम्मी अक्षरं नुसती शोभेची असतात," असं बजावलं, आणि पुन्हा बरोबर तालात आरतीत शिरले.

अशा माणसाच्या पोटच्या पोरीला, सईला, लीड्सला प्रवेश मिळाला तेव्हा साडूंना आकाश ठेंगणं झालं. सई दुबईत जन्मलेली, दुबईत वाढलेली. बापाने मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा सुखाचा संसार. सप्टेंबरात ती गेली आणि नोव्हेंबरात तिचा रडत फोन आला, "बाबा, आय वॉन्ट टू कम होम." दुपारीच अंधारून येतं, खोलीत एकटी बसते, कोणाशी ओळख नाही. मेहुणीने तिथल्या तिथे निकाल दिला, "हीच डिग्री इथे दुबईत मिळते. आणा पोरीला परत." एरवी घरातल्या पडद्यांच्या रंगापासून स्वतःच्या शर्टाच्या रंगापर्यंत कशातही बायकोपुढे न बोलणारे साडू त्या दिवशी मात्र हटून बसले. शेवटी तह झाला. पहिलं वर्ष संपेपर्यंत तिने राहायचं. तोवर जीव रमला तर ठीक, नाही तर खलास, उन्हाळ्यात कायमची घरी.

एवढा हट्ट कशासाठी, हे त्यांनी मला एकदा गाडी चालवताना सांगितलं. "मी इथे आलो ना, तेव्हा पहिली दोन वर्षं खोली ते गोडाउन आणि गोडाउन ते खोली. एवढा समुद्र जवळ आहे, पण मी गेलोच नाही. रडू यायचं हो. खोलीत बसलं की गाव परकंच राहतं, साडूभाऊ. तिला मी खोलीत बसू देणार नाही." सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते, तरी त्यांनी वाक्य पूर्ण केल्याशिवाय गाडी हलवली नाही.

तेव्हापासून दर शनिवारी साडू अल कुसैसमध्ये बसून लेकीला इंग्लंड दाखवू लागले. इथे साधा व्हिडिओ कॉल लागत नाही, म्हणून वेगळं ॲप घेतलं. तिकडे सकाळ, इकडे जेवणाची वेळ. त्यामुळे फोन आमटीच्या पातेल्याला टेकवलेला असे, आणि मीही अर्धं इंग्लंड आमटीला टेकूनच पाहिलं. यॉर्कचा तट, डरहॅमची नदी, लिव्हरपूलचा धक्का. "डावीकडे वळ. आता बेकरी लागेल." "बाबा, इट्स क्लोज्ड डाउन." "मग मॅप जुना आहे. पुढे चल, यल्ला!" ती बिचारी चालत राही, बाप बोलत राही, आणि दर वेळी फोन ठेवताना ती विचारी, "हाऊ मेनी वीक्स लेफ्ट?" मेहुणी माझ्याकडे बघे. साडू भात कालवत बसत.

असा मे महिना उजाडला. वर्ष संपत आलं आणि साडूंनी हुकमाचा एक्का बाहेर काढला: यॉर्कच्या पलीकडचं समुद्रकाठचं एक चिमुकलं गाव. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, साडूंना ते अजून झोंबतं. सईला सोमवारी सुट्टी होती. "बट बाबा, मंडे इज अ बँक हॉलिडे," ती म्हणाली. "मग काय झालं?" साडू म्हणाले, "तुला बँकेत थोडंच जायचंय!" आपल्याकडे बँक हॉलिडेला बँका बंद असतात आणि बाकीचं जग चालू असतं. तिकडे त्या दिवशी सगळा देशच सुट्टीवर असतो, बसही मोजक्याच धावतात आणि लवकर आटपतात, ही एक गोष्ट इंग्लंडच्या या सर्वज्ञ माणसाला ठाऊक नव्हती.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो तेव्हा फोन आला. स्क्रीनवर एक रिकामा बसस्टॉप आणि सीगलांचा कालवा. शेवटची बस केव्हाच गेली होती. साडूंनी दोन फोन आणि लॅपटॉप उघडला. एसीत त्यांना घाम फुटला. "तिथेच थांब, हलू नकोस, मी बघतो!" मेहुणी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "उद्याच्या उद्या तिकीट काढते तिचं." साडूंचा चेहरा बघवत नव्हता. त्यांचं सगळं वर्षच त्या बसबरोबर निघून गेलं होतं. तेवढ्यात पलीकडून सईचा आवाज आला, वैतागलेला, आणि चक्क मराठीत: "बाबा, तुम्ही फोन ठेवा. मी बघते." आणि तिनेच ठेवला.

मग साडू तासभर फोनकडे बघत बसले. पुन्हा फोन वाजला तेव्हा ती एका गाडीत होती आणि आजूबाजूला चिखलाच्या बुटांतल्या चार मुली चिप्स खात होत्या. ती चिप्सच्या दुकानात मदत मागायला शिरली, तर तिच्याच हॉस्टेलच्या मुली निघाल्या, डोंगर चढून परतणाऱ्या. त्यातली एक आमच्याकडे बघून हसत इंग्रजीत म्हणाली, "अच्छा, म्हणजे हे तुझे बाबा होय? आम्हाला वाटायचं, ही शनिवारी सारखी फोनवर असते, हिच्याशी बोलायचं तरी कधी!"

सगळे हसले. साडूही हसले, पण जरा उशिरा.

सईने दुसऱ्या वर्षाची खोली त्या मुलींबरोबरच घेतली. साडूंनी तो हट्ट जिंकला आणि लगेच दुसरा धरला, पहिल्याहून अवघड: शनिवारी लेकीला आपण होऊन फोन करायचा नाही. हल्ली ते शनिवारी दुपारी इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरी येतात, फोन टेबलावर उपडा ठेवतात आणि म्हणतात, "काढा पत्ते." परवाही असेच खेळत होतो. ती आज कुठे गेली आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. फोन एकदाही वाजला नाही. "फिरत असेल," ते म्हणाले, आणि उतारी माझी असताना त्यांनीच पान टाकलं.