ग्लास पडला तेव्हा रेकॉर्डिंग चालूच होतं

जसं घडलं तसं लिहिते.

इथं लातुरात एका बंद पडलेल्या कोचिंग क्लासचा जुना कॉम्प्युटर स्वस्तात मिळाला. विंडोज त्याला झेपेना, म्हणून लिनक्स टाकलं. घरीच गाणी रेकॉर्ड करायची लई हौस! आज दुपारी माईक एकदाचा चालू झाला, मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मोठा स्पीकर बंद करायचं विसरले.

माईकचा आवाज स्पीकरात, स्पीकरचा परत माईकात. जमिनीच्या पोटातून यावी तशी घरघर वाढतच गेली.

आमच्या फळीवर आई उपड्या ग्लासवर ग्लास रचून ठेवते. भूकंपानंतरची सवय. जमीन हलली की ग्लास पडतो, झोपलेला माणूस जागा होतो.

तो ग्लास खणकन पडला.

शेजारच्या खोलीत झोपलेली आई ओरडत आली आणि तिनं दंडाला धरून मला अंगणात ओढलं. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी, कोचिंगसाठी आलेली पोरं अनवाणी खाली धावली. मी आत जाऊन स्पीकर बंद केला.

खरं कारण कळल्यावर पोरं हसली. आई नाही. "ग्लास पडला न्हवं? मंग बरोबर हाय," म्हणत ती परत रचायला गेली.

आत्ता ते रेकॉर्डिंग ऐकलं. घरघर, ग्लास, आणि आईची किंकाळी, "सुमे, ऊठ! भाईर पळ!"

सुमी माझी मावशी. भूकंपात गेली. आई तिचं नावसुद्धा काढत नाही.

ही फाईल ठेवू का पुसू? दंडावर आईची बोटं अजून लाल आहेत, आणि आता वाटून राहिलंय, तिनं बाहेर ओढलं ते मला नव्हतंच.