दत्तादादाच्या कोंबड्या

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहा घेत होते. शारजातल्या वर्कशॉपचा फोरमन बोलत होता. काम करता करता दत्तादादा खाली बसला आणि उठलाच नाही... आता महिना होत आला, तरी सुट्टीच्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली की मला तोच आल्यासारखं वाटतं.

दत्तादादा माझा चुलतभाऊ. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले काका, सावंतवाडीच्या धाटणीची, पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी करायचे. दादा मात्र इथे लोकांच्या किचनची कपाटं करत राहिला. कोरीवकामाचा विषय काढला की म्हणायचा, माझा हात गेला आता. सुट्टीला शारजाला लागूनच असलेल्या अल कुसैसला आमच्याकडे जेवायला यायचा, माझ्या माशाच्या कढीला नावं ठेवायचा आणि तीच दोनदा वाढून घ्यायचा.

गेल्या हिवाळ्यात मी त्याला ओढत हस्तकलेच्या एका मेळ्यात नेलं. तिथे एक नवाहो कारागीर, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एक, लाकडी कोंबड्या मांडून बसला होता. वाकड्या मानेच्या, भडक रंगाच्या, अंगावर चाकूच्या खुणा तशाच ठेवलेल्या. दादाने एक उचलून हातात तोलली. "ह्यां लाकूड आपल्या पांगाऱ्यासारख्यां हलक्यां आसा गो," तो मला म्हणाला. मग मला दुभाषी करून त्याने विचारलं, पॉलिशपेपर का नाही मारला? त्या माणसाने उलट विचारलं, कोंबडी कधी गुळगुळीत असते का? दादा इतका हसला की शेजारच्या स्टॉलवरचे लोक वळून बघायला लागले.

पुढच्याच सुट्टीला तो पॅकिंगच्या फळ्या घेऊन आमच्या बाल्कनीत हजर. पहिली कोंबडी त्याने सवयीने इतकी घासली की ती कपाटाची मूठ दिसायला लागली. मी तसं बोलून दाखवलं, तर जेवेपर्यंत फुगून बसला. दुसरीला त्याने पॉलिशपेपर लावलाच नाही. तिची मान तिरकी झाली, डोळा खट्याळ उतरला. तिच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला... "माझो हात आसा गो अजून," म्हणाला. त्याच दिवशी त्याने ठरवलं, नोकरी सोडायची आणि गावी जाऊन खेळणी करायची. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. गणपतीच्या आधीचं तिकीटही काढून झालं होतं.

त्याच्या कोंबड्या पिशवीत भरून गेल्या आठवड्यात मीच गावी घेऊन गेले. दादाच्या घरी पडवीत पांगाऱ्याचे ओंडके रांगेने ठेवले होते. आपण पोचेपर्यंत लाकूड सुकावं म्हणून दादाने फोनवरून बायकोला झाड तोडून घ्यायला सांगितलं होतं, आणि ओंडके रोज फिरवायलाही. माझ्याशी बोलता बोलता वहिनी उठल्या आणि एकेक ओंडका फिरवू लागल्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, आता कशाला?"

"एका बाजून सुकला तर चिरता गो," त्या म्हणाल्या.

मी पिशवी खाली ठेवली आणि ओंडक्याचं दुसरं टोक धरलं.