उन्हाची पट्टी

घाटकोपरला आमच्या बिल्डिंगीला दुसरी बिल्डिंग इतकी चिकटून आहे की पॅसेजमध्ये दिवसभर अंधारच, फक्त सकाळी आठला एका खुर्चीएवढं ऊन येतं, अर्धा तास सरकत राहतं आणि जातं. शेजारचे काका एकटेच राहतात, ते ऊन सरकेल तशा कुंड्या पायाने सरकवायचे आणि झाडांना म्हणायचे, "जेवा रे, पटापट जेवा." माणसांशी मात्र एक शब्द नाही.

बाळ बारा दिवसांचं असताना पिवळं पडलं. डॉक्टर म्हणाले, थोडी कावीळ आहे, अंगावर पाजा, कोवळं ऊन दाखवा, परत तपासायला आणा. हे ड्युटीवर, घरात कोण नाही, मी रडत बाळाला घेऊन पॅसेजमध्ये आले, तर काकांनी सगळ्या कुंड्या अंधारात ढकलल्या.

"बस गं पोरी."

"काका, तुमची झाडं?"

"पान उन्हात अन्न शिजवतं, समजलं ना? आता त्यांची चूल बंद. हा नेचा, ह्याला ना फूल ना बी, सावलीतला गडी, हा काढेल दिवस. टोमॅटो मात्र उन्हाचा हावरा. बघू त्याचं."

तेव्हापासून मी रोज बसते, आणि काका उंबऱ्यात बसून बोलतात, सगळं झाडांचंच, पण माझ्याकडे बघून बोलतात.

बाळ एकदम बरं आहे असं डॉक्टरांनी सांगून आठवडा झाला. टोमॅटोची खालची पानं गळाली. मी काकांना अजून काही सांगितलं नाहीये. सांगितलं की ते कुंड्या परत उन्हात लावतील, आणि मग दिवसभरात माझ्याशी बोलायला कोणीच नाही ना.