देवमनरावांची लाइटीची बिडी

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, अकोला. लग्नाचा एकूण खर्च तीन लाख वीस हजार, तो दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा करायचा. हजर माणसे सहा: आमच्या बाजूने मी, माझी पत्नी आणि माझे थोरले भाऊ, त्यांच्या बाजूने देवमनराव इंगळे, त्यांच्या पत्नी आणि नवरा मुलगा. माझी मुलगी स्नेहल अमरावतीला घरीच होती.

रक्कम ठरली तसे देवमनराव, म्हणजे माझे होणारे व्याही, उठून अंगणात गेले. खिडकीतून मला ते दिसत होते. त्यांनी एक बिडी ओढली, थोटूक चहाच्या बशीतल्या पाण्यात बुडवले आणि बाहेर काढून स्वतःच्या डाव्या तळहातावर दाबून धरले. जरा वेळ तसेच उभे राहिले. मग थोटूक एका डबीत टाकले आणि आत येऊन बसले.

मी विचारले, "हाताला भाजत नाही का?"

"भाजलं असतं त पुन्हा बुडवली असती," ते म्हणाले. "इवाई, इस्तो इझला का नाई हे डोयानं पाहाचं नसते. हातानं पाहाचं असते."

साक्षगंधही झालेले नव्हते, पण त्यांनी मला 'इवाई', म्हणजे व्याही, करून टाकले होते. विस्तवाबद्दल इतका काटेकोर माणूस माझ्या मुलीचा सासरा होतो आहे याचे मला समाधान वाटले. धुराबद्दल तो तितका काटेकोर नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

देवमनरावांची सारी नोकरी तेल्हाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून झाली. सरकीपासून रुई वेगळी करणारी यंत्रे दुरुस्त करायची आणि सगळीकडे कापूसच कापूस. आत आगपेटी सापडली तर नोकरी जायची. बिडी ओढायची ती फाटकाबाहेर लिंबाखाली, विझवायची आणि मगच आत यायचे. रुईची आग लवकर भडकत नाही, ती गठाणीच्या, म्हणजे दाबून बांधलेल्या गठ्ठ्याच्या, पोटात दोन-दोन दिवस गुपचूप चालते, असे ते सांगत. म्हणून सुट्टी झाल्यावर ते प्रत्येक गठाणीला हात लावून पाहत आणि मग फाटक बंद होई. "माया नोकरीत जिनाले कंदी आग लागली नाई," हे वाक्य त्यांच्याकडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मला माझ्याच नोकरीबद्दलचे वाटू लागले आहे.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे अकोल्याला राहायला आले. दिवसाला बिडीचे एक बंडल, ते गॅलरीत उभे राहून. खोकलाही होता. मी एकदा त्यावर बोललो, तर म्हणाले, "हा खोकला बिडीचा नोहे. जिनातल्या धुयीचा हाय."

"सगळा धुळीचा?"

त्यांनी विचार केला. "अर्धा-अर्धा धरा. लग्नाच्या खर्चावानी."

लग्नानंतर दोन वर्षांनी, श्रावणात, स्नेहलला आमच्याकडे अमरावतीला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली. वजन एक किलो सहाशे ग्रॅम. पहिले काही दिवस ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना मुलांच्या डॉक्टरांनी मला बाजूला बसवून सांगितले की हिची फुप्फुसे नाजूक आहेत. हिच्या घरात धूर नको, आणि बिडी ओढून आलेल्या माणसाने त्या कपड्यांनी हिला घेऊ नये.

मी त्याच संध्याकाळी देवमनरावांना फोन केला. "तुमची बिडी सुटेपर्यंत मुलगी आणि नात अकोल्याला येणार नाहीत," मी म्हणालो.

माझी पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. मग देवमनराव म्हणाले, "बराबर हाय. कोठीत रुई असली का आगपेटीवाल्यानं बाहीरच राहाचं."

फोन ठेवल्यावर पत्नी म्हणाली, "व्याह्यांशी बोलायची ही रीत आहे? जरा गोड नाही बोलता येत?"

"गोड बोलल्याने धूर कमी होतो का?"

त्यानंतर दर रविवारी ते यायचे. सकाळच्या गाडीने बडनेरा, तिथून ऑटोने आमचे घर. पण उंबरा ओलांडायचे नाहीत. कोणी सांगितले नव्हते, तरी पाणीसुद्धा अंगणातच प्यायचे. स्नेहल बाळाला घेऊन खिडकीच्या बंद काचेमागे उभी राहायची आणि हे बाहेरून गाल फुगवून, भुवया उडवून, तोंडाने जिनातल्या यंत्राचा आवाज काढून दाखवायचे. आवाज काचेतून आत येत नसे. बाळाला दिसायचा तो फक्त एक मिशीवाला माणूस, काही कारण नसताना हलणारा. ती त्याच्याकडे गंभीरपणे बघत राहायची.

बिडी सोडायचे प्रयत्न चालूच होते. लवंग झाली, बडीशेप झाली. कोणीतरी सुचवले म्हणून खर्रा घोटून आणला, तर स्नेहलने फोनवरच दम दिला, "बाबा, एक तंबाखू सोडायला दुसरा तंबाखू? मी तिकडे येणारच नाही." मी विचारले की अडचण नेमकी काय आहे. ते म्हणाले, "मांजरीवानी हाय, इवाई. गावाबाहीर सोडून यावं, त आपल्या आधी घरी येऊन बसते."

दिवाळीनंतरच्या रविवारी ते आले तेच हसत. खिशातून पेनएवढी एक चपटी वस्तू काढली आणि कठड्यावर ठेवली.

"काम झालं, इवाई. लाइटीची बिडी!"

त्यांचा भाचा दुबईला नोकरीला आहे. त्याने ही ई-सिगारेट आणली आणि सांगितले की तिकडे लोक ही ओढून खरी सिगारेट सोडतात. देवमनरावांना आवडले ते वेगळेच. "इस्तो नाई, राख नाई, काडी नाई. मोबाइलवानी चार्जिंग कराचं. अहो, हे त जिनात ओढता आली असती!" आणि हे खरे आहे का ते पाहायला ते मुद्दाम तेल्हाऱ्याला जाऊन आले होते. रुईच्या ढिगाजवळ उभे राहून त्यांनी ती तोंडाला लावली. नवा मॅनेजर धावत आला. इस्तो नाही हे त्याला पटवून द्यायला त्यांनी टोक त्याच्याच तळहातावर टेकवले. मॅनेजरने त्यांना फाटकाबाहेर काढले.

"देवमनराव," मी म्हणालो, "आपल्या देशात यावर बंदी आहे. बनवणे, विकणे, बाहेरून आणणे, साठवणे, सगळे बंद."

"अन् बिडीवर?"

"बिडीवर नाही."

त्यांनी ती वस्तू उचलून परत खिशात टाकली. "हे गणित तुमी केलं नसन," एवढेच म्हणाले.

पुढचे दोन आठवडे फोनवर एकच बातमी: बिडी बंद. एकही नाही. तिसऱ्या रविवारी अंगणातूनच त्यांनी मागणी केली, "आता द्या नात हातात." मी म्हणालो, ते डॉक्टर ठरवतील. सोमवारी सकाळी दोघे गेलो.

डॉक्टरांनी ती वस्तू उलटसुलट करून पाहिली. आंब्याचे चित्र होते, वासही पिकल्या आंब्याचा. "काका, दिवसातून किती वेळा ओढता?"

"मले भेटते कुठी, साहेब?" देवमनराव म्हणाले. "कंदी दोनदा, कंदी तीनदा. बाकी सारी मंडळीच ओढते."

"कोणती मंडळी?"

मग ते कळले. कॉलनीच्या बगिच्यातल्या बाकावर रोज संध्याकाळी पाच-सहा निवृत्त लोक बसतात. तिथे दुबईची वस्तू खिशातून काढायची आणि एकट्याने ओढायची, हे देवमनरावांकडून होण्यासारखे नव्हते. ती ज्याच्या त्याच्या हातात जायची. दुसऱ्याची उष्टी वस्तू तोंडाला कशी लावायची, हा प्रश्न निघाला तेव्हा त्यातल्या एका जुन्या भजन्याने मार्ग दाखवला. ओला रुमाल गुंडाळायचा, वस्तू मुठीत उभी धरायची आणि मुठीतून ओढायचे, चिलमीसारखे. अशी ती मशीन बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, आणि देवमनरावांची पाळी येईपर्यंत चार्जिंग संपलेले असे.

डॉक्टर इतके हसले की त्यांनी चष्मा काढून ठेवला. "म्हणजे बिडी या मशीनच्या आशेने बंद, आणि मशीन मित्रांच्या कृपेने बंद. काका, तुम्ही तर जवळजवळ सोडलीच आहे!"

"पण संकोचानं आपल्याच वस्तूले उपाशी राहिलो ना."

"त्या बाकावर आधीपासून बिडी ओढणारे किती?"

देवमनराव बोटे मोजू लागले. "मले धरून तिघं. दोघं खर्रेवाले. सुखदेव त वढतच नाई. सुखदेव पोस्टमन. हार्टचा झटका आला तवापासून सोडली त्यानं. सहा वर्षं झाली." आणि ते थांबले. "हे मात्र वढते तो. म्हणते, आंब्याची चव लागते."

डॉक्टर हसायचे थांबले. "काका, बिडीतली जी गोष्ट तुम्हाला सोडत नाही, ती यात आहे. काही देशांत बिडी-सिगारेट सोडवायला हे वापरतात, खरं आहे. पण आधी सिगारेट बंद करायची आणि मग हेही, असा सगळा बेत असतो. आपल्याकडे बंदी आहे, आणि तुमच्या बाकावर तर बेतही नव्हता. ज्याची सहा वर्षांपूर्वी सुटली, त्याच्या हातात हे द्यायचंच नव्हतं."

देवमनरावांनी ती वस्तू टेबलावर ठेवली आणि उठले. डॉक्टर मागून म्हणाले, "अहो, मी हे ठेवून काय करू?" पण ते तोवर दाराबाहेर गेले होते. सरकारी दवाखान्यातल्या तंबाखूमुक्तीच्या समुपदेशकाचे नाव आणि चघळायच्या निकोटिन गोळ्यांची चिठ्ठी मीच घेतली.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज खाली गेला होता. "इवाई, मशीन बंद झाली अन् सुखदेव पानठेल्यावर गेला. बंडल घेतलं त्यानं. म्या डोयानं पाह्यलं."

देवमनरावांची स्वतःची बिडी त्यानंतर परत आली नाही. गोळ्या चघळल्या, समुपदेशकाकडे गेले, चिडचिड केली, दोन किलो वजन वाढवले. माघात डॉक्टरांनी बाळाला तपासून अकोल्याला न्यायला हरकत नाही असे सांगितले. मी आनंदाने फोन केला. "शनिवारी घेऊन येतो."

"आता नोका आणू."

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. "काहून?" माझ्या तोंडून घरची भाषा निघाली.

"सुखदेवची अजून बंद झाली नाई."

"तुमची झाली ना? मायी अट तुमच्यापुरती होती! त्या सुखदेवचा अन् माया नातीचा काय संबंध?"

"तुमी मोजता ते आपल्या घरापुरतं मोजता. त्यात चूक नाई," ते शांतपणे म्हणाले. "पण ते आग म्या लावली, इवाई. शेवटची गठाण पाह्यल्याबिगर आमी फाटक बंद करत नसो. त्याच्या छातीत ते ठेवून म्या पोट्टीले कोणत्या हातानं घेऊ?"

मी फोन ठेवला. स्नेहलने बॅग भरून ठेवली होती, ती तिने पुन्हा उघडली. "सहा महिने झाले, अजून हात नाही लावला त्यांनी हिला," ती म्हणाली. "आणि आता तेच नको म्हणतात." पण ती रागावली नव्हती, असे मला दिसले.

मग सुखदेवरावांवर जो पहारा बसला त्याची हकीकत मला खुद्द सुखदेवरावांनीच फोन करून सांगितली. "साहेब, तुमच्या इवायाले आवरा. सकायी उठतो त दारात उभे. गोयी चघळली का, विचारते. डॉक्टरकडे घेऊन गेले, तिथी मायी तब्येत मायाआधी तेच सांगून राहिले. भाजी आणाले निंघालो त संगं. मायी बायको म्हणते, इतक्या वर्षांत मी तुमाले एवढं धरून नाई ठेवलं."

"मग सोडून टाका ना," मी म्हणालो.

"सोडली! पंधरा दिवस झाले. पण त्यायले पटत नाई ना!"

शेवटी फाल्गुनात निरोप आला: या.

आम्ही दुपारी अकोल्याला पोचलो. विहीणबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्या पुढे, धुतलेल्या सदऱ्यांत, दोन म्हातारे शेजारी शेजारी उभे होते. भाकरतुकडा ओवाळू द्यायच्या आधी देवमनराव पुढे आले आणि त्यांनी तोंड उघडले.

"वास घ्या, इवाई."

"अहो, काय हे!"

"अट तुमची हाय. तपासणी तुमीच कराची. आधी सुखदेवची घ्या."

गल्लीतली माणसे बघत होती. व्याह्याने व्याह्याचे तोंड हुंगायचे, हे आमच्या सात पिढ्यांत कोणी केले नसेल. मी सुखदेवरावांच्या तोंडाशी नाक नेले: लवंग. मग देवमनरावांच्या: कांदा.

"कांदा आहे," मी म्हणालो.

"कांद्याची बंदी कोणी सांगतली नव्हती," देवमनराव म्हणाले, आणि तिथेच ओसरीत मांडी घालून बसले.

स्नेहलने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी दोन्ही हात हवेतच ठेवले होते, कुठे धरावे ते कळत नव्हते. बाळाने त्यांच्याकडे नेहमीसारखे गंभीरपणे पाहिले आणि मग जे रडायला सुरुवात केली ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले असेल. विहीणबाई घ्यायला वाकल्या. देवमनरावांनी घेऊ दिले नाही.

"पाहा, पाहा, काय आवाज हाय!" ते ओरडत होते, डोळ्यांत पाणी. "सुखदेव, आयक! कोण म्हणते छाती नाजूक हाय?"

मग नातीचे तोंड पाहिल्याची रक्कम दिली गेली. देवमनरावांनी शंभराची नोट आणि वर एक रुपया तिच्या मुठीत ठेवला, सुखदेवरावांनी पन्नासाची आणि एक. एकूण एकशे बावन्न रुपये, मिळाले नातीला. नाणी तिच्या आईने लगेच काढून घेतली. नोटा तिने घट्ट धरल्या, पण रडणे काही थांबवले नाही.

"रडू द्या," देवमनराव म्हणाले. "हिशेब पटला नसन तिले. तुमच्यावर गेली हाय, इवाई."